रेडिएटरमधली हळद

"इंजिन गेलंय का, एवढं स्पष्ट सांगा," निकम म्हणाले. "मला खोटा धीर नकोय."

गाडी नुकतीच दुसऱ्या गाडीला दोरी बांधून आमच्या गेटातून आत आली होती. अजून बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. आजारी माणसाला दवाखान्यात आणणारा निदान ताप किती आहे ते सांगतो. गाडीवाला मात्र थेट मयताची तयारी करूनच येतो. मला या लोकांचा फार राग यायचा, आणि थोडी दयाही यायची.

मी तेव्हा तुर्भ्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फ्लोअर सुपरवायझर होतो. फ्लोअर सुपरवायझर म्हणजे मेकॅनिकवर ओरडायचं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नेरूळ, सानपाडा, बेलापूरच्या सोसायट्यांतून लोकांच्या आयुष्यातल्या पहिल्या गाड्या रस्त्यावर येत होत्या. पहिल्या गाडीचं कौतुक वेगळंच असतं. तिच्यावर ओरखडा आला तरी घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही.

संजय निकम तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर होते, राहायला नेरूळला. बायको-मुलांना घेऊन ते चार दिवस पुण्याला मेव्हण्याकडे गेले होते. परत येताना कामशेतच्या घाटात गाडीचा टेम्परेचरचा काटा एकदम लाल पट्ट्यात गेला. निकमांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, हे त्यांनी फार चांगलं केलं. रस्त्यावरच्या मेकॅनिकनं रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत तळाला गढूळ पिवळं पाणी. साधं पाणी भरून, थांबत थांबत त्यांनी कशीबशी गाडी घरी आणली. त्यानंतर मात्र ती सुरू करायची त्यांची हिंमत झाली नाही.

"इंजिन गेलं असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? आत कूलंटच नव्हतं. माझे वडील रोज सकाळी मला न सांगता त्यात साधं पाणी ओतत होते. घरी आल्यावर कळलं. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला. त्यांना वाटतं, सगळ्या गाड्या ट्रकच असतात."

"मग?"

"मग काय, बोललो मी त्यांना." ते म्हणाले. "जास्तच बोललो. आता ते गावाला निघालेत. बॅग भरून ठेवलीय."

कूलंट म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनाच्या पोटात सतत जाळ असतो. तो सोसावा म्हणून त्याच्या भोवती पाणी फिरतं ठेवतात. तापलेलं पाणी समोरच्या रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं निवतं आणि परत आत जातं. पण नुसतं पाणी लोखंडाला गंज आणतं आणि लवकर उकळतं. म्हणून त्यात एक रंगीत औषध मिसळतात, ते कूलंट. हे पाणी बंदिस्त असतं. ते सहसा कमी होत नाही. कमी झालं तर ते कुठून तरी जातंय, असं समजायचं.

आणि या गाडीतून ते जात होतं, पण दिसत नव्हतं. निकमांच्या पार्किंगमध्ये कधी थेंब पडला नव्हता. आम्ही पाणी भरून इंजिन सुरू केलं, खालची फरशी कोरडी. गाडीतला गालिचा कोरडा. इंजिन ऑइल बघितलं. त्यात पाणी मिसळलं की ते दुधाळ कॉफीसारखं दिसतं, तसं काही नव्हतं. मागून पांढरा धूर नव्हता. चारही स्पार्क प्लग काढून ओळीनं ठेवले. सिलिंडरमध्ये पाणी शिरत असेल तर त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. इथं चारही सारखेच मळके होते. मला बरं वाटलं. इंजिन गेलेलं नव्हतं, हे मला तिथंच जवळजवळ कळलं होतं. पण भोक सापडेपर्यंत मी गिऱ्हाइकाला असं काही सांगत नसे.

मग सलीमनं रेडिएटरमध्ये बोट बुडवून हुंगलं. सलीम म्हणजे आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक.

"शेलारसाहेब, इधर आओ. आमटीचा वास येतोय."

मी हुंगलं. खरंच येत होता. हळद होती ती.

हे गाडीवाल्यांना सांगितलं तर ते हसतात, पण जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा हा हमखास उपाय. घाटात रेडिएटर ठिबकायला लागला, जवळपास गॅरेज नाही, की पाण्यात हळद टाकायची. ती भिजून फुगते, भोकाशी जाऊन बसते आणि पुढच्या गावापर्यंत निभावून नेते. निभावण्यापुरता उपाय चांगला. रोजचा केला तर रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात.

मी मात्र वेगळाच विचार करत होतो. हौस म्हणून कोणी रेडिएटरमध्ये हळद टाकत नाही. पाणी कमी होतंय हे ज्याला कळलेलं असतं, तोच टाकतो. निकम म्हणत होते, वडिलांनी पाणी ओतलं म्हणून गाडी बिघडली. इथं तर दिसत होतं की गाडी आधीच बिघडली होती, म्हणून म्हातारा पाणी ओतत होता.

दुपारी प्रेशर टेस्ट केली. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी एक हातपंप बसवायचा, हवेचा दाब द्यायचा आणि पंपावरच्या काट्याकडे बघत बसायचं. कुठं गळती असेल तर काटा खाली येतो. आमचा काटा हलेना.

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर फडकेसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण गाडी एका जागेवर जास्त वेळ उभी राहिलेली त्यांना बघवत नसे.

"बाहेर लीक नाही ना? मग आत आहे. हेड गॅस्केट. हेड खोल."

"प्लग स्वच्छ नाहीत, साहेब. ऑइलही चांगलं आहे."

"मग पाणी काय हवेत जातंय?"

"जात असेल. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"शेलार, तू डिटेक्टिव्ह नाहीस. उद्या दुपारी हेड खोलायचं."

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचा पाणी अडवणारा पातळ थर. तो खोलणं मोठं काम. मला कामाची भीती नव्हती. भीती होती ती 'इंजिन खोललं' या दोन शब्दांची. ते निकमांच्या घरी पोचले असते की त्या म्हाताऱ्यानं बॅग उचलली असती. हे फडकेसाहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तर बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा आणि उजवा हात डाव्यापेक्षा काळा. उजवा हात खिडकीबाहेर ठेवून ज्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवलीय त्यांचा असा असतो.

"निकमांची गाडी हितंच हाय ना?" त्यांनी विचारलं. "मी संजूचा बाप. तात्या म्हनत्यात मला."

"या, बसा. चहा घेता?"

"च्या नको. इंजिन ग्येलं का तेवढं सांगा. ग्येलं आसंल तर तसं सांगा. मंग मी गावाकडं जायला मोकळा."

"गावाला कोण असतं?"

"कुलूप," ते म्हणाले. "कोरेगावपाशी हाय घर. मंडळी ग्येली, तवापास्नं बंदच हाय."

मी त्यांना सरळ विचारलं, "तात्या, हळद किती टाकली होती?"

ते चपापले. मग चोरी पकडली गेल्यासारखे हसले. "आदी चिमूटभर. मंग चमचा. सूनबाईच्या डब्यातली. तिला वाटतंय हळद लवकर का संपती."

"आणि पाणी?"

"आदी घोटभर लागायचं. मंग अर्दा तांब्या. ग्येल्या म्हयन्यात भरून तांब्या लागाय लागला. सकाळी पोरगं उटायच्या आदी भरून मोकळा व्हायचो. ड्रायवरनं सकाळी गाडीचं पानी बगितल्याबिगर किल्लीला हात लावू नाय, आसं आमच्या मालकानं शिकवल्यालं."

म्हणजे निकमांना गळती कधी दिसलीच नव्हती, कारण ते गाडीत बसायच्या आधी ती रोज भरून निघत होती. पुण्याला तांब्या बरोबर गेला नाही, आणि काटा वर गेला.

आता गळती कुठं आहे, एवढंच राहिलं. थंड इंजिनात हळद भोकाला धरून बसली होती, म्हणून आमच्या पंपाचा काटा हलला नव्हता. इंजिन चांगलं तापून त्यावर जोर पडला तर ती सुटणार. मी सलीमला म्हटलं, गाडी काढ, बेलापूरच्या टेकडीवर जाऊ. तात्यांना पुढं बसवलं. ते नको नको म्हणत होते, पण बसल्यावर त्यांनी सीट मागं सरकवून घेतली आणि त्यांचा उजवा पाय चढावर आपोआप दाबला जात होता.

दुसऱ्या गिअरमध्ये टेकडीचा चढ दोनदा घेतला. तिसऱ्या खेपेला तात्यांनी हात वर केला.

"थांबा. वास येतोय."

मी मागच्या सीटवरून पुढं वाकलो. पहिल्यांदा काही कळेना. मग कळलं. फोडणी जळाल्यासारखा वास होता.

गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. बॉनेट उघडून मी लांब दांड्याचा आरसा इंजिनाच्या मागच्या बाजूला घातला. ही जागा इंजिन आणि ड्रायव्हरच्या पुढचा पत्रा यांच्यामधली. तिथं हात जात नाही, नजरही जात नाही. तात्यांनी बॅटरीचा उजेड धरला. त्यांचा हात जराही हलत नव्हता.

आरशात ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव लोखंडी भागाच्या, पाठीवर एक ओघळ दिसला. वर पिवळा, खाली पांढुरका. त्याच्या बरोबर खालून सायलेन्सरचा पाइप जात होता. ओघळाच्या टोकाशी थेंब जमायचा, पाइपवर पडायचा आणि चर्र होऊन वाफ व्हायची. पाणी खरोखरच हवेत जात होतं. फडकेसाहेब रागाच्या भरात अगदी बरोबर बोलले होते. हळदीचा रंग नसता तर त्या काळ्या लोखंडावर तो ओघळ मला दिसला नसता, हेही मान्य करतो.

वर्कशॉपमध्ये येऊन गाडी रॅम्पवर घेतली, सायलेन्सरचा पाइप उतरवला. ब्लॉक ओतताना त्यात गोल भोकं राहतात, ती पातळ पत्र्याच्या वाट्या ठोकून बंद करतात. आम्ही त्यांना डमी म्हणतो. मागची एक डमी गंजलेली होती. सलीमनं तिला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो पापडात जावा तसा आत गेला. भोवती पांढरी खरपुडी जमली होती. मी नखानं काढून जिभेला लावली. असलं काही चाखू नये, कूलंट विषारी असतं. पण जुनी सवय जात नाही. चव खारट होती.

"तात्या, पाणी कुठलं घालत होता?"

"सोसायटीच्या बोअरचं."

आमच्याकडं जमिनीखाली थोडं गेलं की खाडी लागते. बोअरचं पाणी खारं. आंघोळीला चालत नाही, कपडे विटतात, म्हणून ते संडासाला आणि झाडांना. तात्या दोन वर्षं तेच पाणी लेकाच्या इंजिनाला पाजत होते. पाणी गळायला लागल्यावर नाही, त्याच्या आधीपासून. त्यांनीच सांगितलं, गाडी आली त्या आठवड्यापासून, रोज सकाळचा नेम म्हणून, जरासं कमी दिसलं की घोटभर.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ती गंजलेली डमी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"म्हंजी पोरगं खरंच बोललं," ते म्हणाले, आणि जाऊन भिंतीजवळच्या बाकावर बसले. डबा विचारला, नको म्हणाले. चहा ठेवला तो गार झाला.

आम्ही सगळ्या डम्या बदलल्या. एक गेली म्हणजे बाकीच्याही मार्गावरच असतात. रेडिएटर उतरवून धुतला, आतून हळदीचा गोळा निघाला. हिरवं कूलंट भरलं, परत टेकडी चढून आलो. आरशात ब्लॉकची पाठ कोरडी ठणठणीत.

फडकेसाहेबांनी येऊन बघितलं. बाकाकडेही बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तांब्याचं वगैरे गिऱ्हाइकाला सांगत बसू नकोस. डमी गंजली, बदलली, संपलं. म्हातारा उगाच अडकतो."

मला तेच हवं होतं. साहेबांबद्दल माझं मत त्या दिवशी जरा सुधारलं.

संध्याकाळी निकम आले. वडिलांना बाकावर बघून त्यांचे पाय थबकले. "तुम्ही इथं? घरी ही शोधत्येय तुम्हाला."

"इंजिन शाबूत आहे," मी घाईनं म्हणालो. "हेडला हात लावायची वेळ आली नाही. मागची एक डमी गंजली होती. अशा गंजतात कधीकधी, त्यात कोणाचा काही..."

"सायेब, अर्दं नका सांगू." तात्या उठून उभे राहिले. "संजू, बोअरचं खारं पानी घातलं मी. दोन वरसं. त्यानंच खाल्ली ती डमी. तू म्हनलास ते खरं हाय."

निकम त्यांच्याकडे बघत राहिले. "बोअरचं? घरात नळाचं पाणी असताना?"

"नळ तासभर येतोय. सूनबाईची भांडी भरायची घाई आसती. त्यात मी कुठं तांब्या घिऊन मधी येऊ? पियाचं पानी गाडीला कशापायी घालायचं."

"आणि पाणी कमी होतंय हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं व्हतं. दिवाळीच्या आदी. तू म्हनलास, तात्या, हा तुमचा ट्रक न्हाय, हिला रोज पानी लागत न्हाय. हात नका घालू."

निकमांना आठवलं असावं. ते खाली बघायला लागले. मघापर्यंत मला त्यांचा राग येत होता, तो तिथंच गेला. शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला बाप काय सांगतोय ते पुरतं ऐकू येत नाही. माझ्याही घरी यापेक्षा वेगळं चालत नसे.

"निकमसाहेब, आता राहिलेलं मी सांगतो," मी म्हणालो. "गंज त्यांच्या पाण्यानं आला, ते खरं. पण भोक पडल्यावर इतके महिने तुमची गाडी चालली ती त्यांच्या तांब्यावर. त्यांनी रोज भरलं नसतं तर हे इंजिन तळोज्याच्या रस्त्यावर केव्हाच बसलं असतं. तुम्ही चार दिवस त्यांच्याशिवाय गाडी चालवलीत. काय झालं ते बघितलंत."

तात्यांनी हात हलवला. "ते ऱ्हाऊ द्या सायेब. पानी चाखून बगाय पायजे व्हतं मी. येवडी अक्कल पायजे व्हती."

सलीम उगाचच एक पाना पुसत उभा होता. निकमांनी बाकावरची डमी उचलली, भोकातून बोट घालून बघितलं, आणि विचारलं तर मला, "आता काय काळजी घ्यायची?"

"रोज सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरशेजारची ही कूलंटची बाटली बघायची. पाणी दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. कमी झालं तर हेच हिरवं कूलंट घालायचं, दुसरं काही नाही. आणि कमी होत राहिलं तर लगेच इकडं आणायची."

"रोज सकाळी?" निकम म्हणाले. "मला नाही जमायचं. माझी शिफ्ट असते." वडिलांकडे न बघता ते पुढं म्हणाले, "तात्या, हे तुम्हालाच बघावं लागेल."

तात्यांनी विचारलं, "आन् मी गावाला ग्येल्यावर?"

"मग गाडी बंद ठेवू."

तात्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. मला म्हणाले, "सायेब, त्ये हिरवं पानी नेरूळात मिळंल का, का हितंच यावं लागंल?"

"इथंच या," मी म्हणालो. नेरूळात मिळत होतं. पण म्हटलं, येऊ देत.

ते येत राहिले. दर दोन-तीन महिन्यांनी बसनं यायचे, कूलंटचा एक डबा न्यायचे. एवढं कूलंट त्या गाडीला लागणं शक्यच नव्हतं. शेवटी मी विचारलं, तर कळलं की सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांची बॉनेटं आता सकाळी तेच उघडतात.

पाणी कमी होतंय अशी तक्रार घेऊन पुढं कोणी आलं की मी पहिल्यांदा आरसा आणि बॅटरी काढत नसे. आधी विचारायचो, "तुमच्या घरात अजून कोण या गाडीला हात लावतं?" उत्तर आलं की म्हणायचो, "मग त्यांना घेऊन या."